इंदूताईला पुन्हा बाहेर काढलं

परवा दुपारी भिसेगावातल्या आमच्या गल्लीतून कर्णा लावलेली रिक्षा गेली. मी गच्चीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. रिक्षातला माणूस नाकात बोलत होता, महिलांचे भव्य कबड्डी सामने, रविवारी दुपारपासून, क्रीडारसिकांनी बहुसंख्येने वगैरे. मग त्याने संघांची नावं घ्यायला सुरुवात केली, आणि एका नावापुढे त्याने जरा थांबून, चव घेतल्यासारखं म्हटलं, "व्यवस्थापक, आपल्या सर्वांच्या लाडक्या इंदूताई!"

शेंग हातात राहिली. ताई अजून संघ घेऊन फिरते?

खालून नवऱ्याने विचारलं, "ही तीच का गं? तुझी ती, जिला सारखं मैदानाबाहेर काढायचे?"

तीच.

भात कापून झालं की आमच्याकडची जमीन काही दिवस रिकामी दिसते. पेंढा एका कडेला रचलेला, बांधावर गुरं, आणि शेतात नुसती धसकटं. त्याच दिवसांत कुठल्यातरी शेताच्या तुकड्यावर पोरं जमतात. धसकटं उपटतात, लाल माती आणून पसरतात, पाणी मारून चोपून काढतात. दोन-तीन दिवसांत तिथे पावलाला गार, गुळगुळीत लागणारं मैदान तयार होतं. त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या की समजायचं, थंडी आली. लोकांना थंडी म्हटली की शाल आठवते, मला ती ओली माती आठवते. सकाळी अनवाणी पाय टाकला की नडगीपर्यंत शिरशिरी जायची.

मी आयुष्यात एकच हिवाळा कबड्डी खेळले. पदवीची परीक्षा झाली होती, नोकरी लागायची होती आणि घरी स्थळं बघायला अजून सुरुवात व्हायची होती. मधली जी मोकळी फट होती, तिच्यात तो हिवाळा बसला. माझी मैत्रीण रंजना आधीपासून खेळायची. "नुसती बसून काय करतेस, चल," म्हणाली आणि मला दुपारच्या खोपोली गाडीत घालून घेऊन गेली. ती गाडी त्या वेळी अर्धी रिकामीच असे. पळसदरी, केळवली, डोलवली. खिडकीतून घाट जवळ येत जायचा आणि खोपोलीला उतरलं की कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा आमच्या स्वागताला असल्यासारखा वाजायचा.

इंदूताई तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. खोपोलीत मागच्या आळीला तिची पिठाची गिरणी. स्वतः एके काळी चांगली खेळायची म्हणे. लग्नानंतर खेळ सुटला तशी तिने मुली गोळा करायला सुरुवात केली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, भुवयांवर कायम पिठाची बारीक पांढरी पूड. आवाज असा, की शेजारी उभं राहिलं तरी ती पलीकडच्या फलाटावर बोलत असावी असं वाटे. गिरणीच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय, दुसरं काय. तिचे यजमान, त्यांना सगळे भाऊ म्हणत, अगदी मुके वाटावेत इतके कमी बोलायचे. ताई संघ घेऊन गेली की गिरणी ते सांभाळायचे. सामन्यावरून आम्ही परत आलो की त्यांचा एकच प्रश्न असे.

"काढलं?"

"काढलं."

"जेवून घ्या सगळ्या."

पहिल्यांदा तिला बाहेर काढताना बघितलं ते खालापूरच्या बाजूच्या एका गावात. माझा पहिलाच सामना. व्यवस्थापकाने मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसायचं असतं. उठायचं नाही, ओरडून सांगायचं नाही, तक्रार असेल तर ती कप्तानाने पंचांकडे करायची. हे नियम ताईला कोणीही न विचारता पाठ म्हणून दाखवता आले असते. पहिला अर्धा डाव ती मांडीवर हात ठेवून देवळातल्यासारखी बसली होती. मग समोरच्या संघाची एक मुलगी चढाई करून परत जाताना रेघेबाहेर पडली आणि पंचांनी ती आत होती म्हणून सांगितलं. ताईने आधी चपला काढल्या. मग उठली. मग अनवाणी, सरळ मैदानाच्या मधोमध चालत आली.

"पाय भाईर होता तिचा."

"ताई, खाली बसा."

"बसते. आधी पाय कुठं होता ते सांगा."

पंच चिडले. ताईचा आवाज वाढला, म्हणजे होता तसाच राहिला, पण आता तो सगळ्यांना ऐकू आला. शेवटी पंचांनी हात लांब करून बाहेरची वाट दाखवली. ताईने चपला उचलून हातात घेतल्या आणि गर्दीतून निघाली. गर्दी दुभंगली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटायच्या बेताला आलं होतं, पण रंजना पायाला माती लावत म्हणाली, "अगं, हे रोजचंय. चल, पकड."

रोजचंच होतं. त्या हिवाळ्यात आम्ही साजगावला खेळलो, पाताळगंगेच्या काठावरच्या गावांत खेळलो, कर्जतच्या अलीकडे-पलीकडे खेळलो, आणि क्वचित एखादा सामना असा गेला असेल की ताई शेवटपर्यंत खुर्चीवर होती. लोक तिला बघायला येऊ लागले. माईकवरचा माणूस सामना सुरू होण्याआधीच म्हणायचा, "आज इंदूताई किती वेळ टिकतात बघू या." ताई त्यावर हसायची. खरंच हसायची, खोटं नाही. आणि तरी पुढच्या चुकीला उठायची.

आम्हाला याचं भारी कुतूहल होतं. माणूस एकदा भांडेल, दोनदा भांडेल. पण उठलं की काढणार हे ठाऊक असताना, आजवर एकाही पंचाने तिच्या बोलण्यावरून निर्णय फिरवलेला नसताना, ही पुन्हा पुन्हा का उठते? गाडीत परतताना आमचा तोच विषय. रंजनाचं म्हणणं, ताई मुद्दाम करते. खेळ थांबतो, आपल्याला दम खायला मिळतो, समोरच्यांची लय तुटते. वंदनाचं म्हणणं वेगळं होतं. वंदना आमची सगळ्यात चांगली चढाईपटू, साजगावची. तिचे वडील तिथल्याच एका कारखान्यात होते. ती म्हणायची, "तिला आपल्याला चिडवायचं असतं. ती गेली की आपण बघा कशा खेळतो. आईला कोणी बोललं की पोरं खेळतील तशा."

माझंही एक मत होतं आणि ते मला एका दुपारी सापडलं होतं. पाय मुरगळल्यामुळे मी त्या दिवशी कडेला बसले होते. ताईला नेहमीप्रमाणे काढलं. स्प्रेची बाटली तिच्या पिशवीत आणि पिशवी तिच्या खांद्यावर, म्हणून मी लंगडत तिला शोधायला गेले. तोवर माझ्या कधी मनातच आलं नव्हतं, की बाहेर काढल्यावर ही जाते कुठे? आम्ही खेळत असायचो, बघणार कोण?

ती पाण्याच्या टँकरमागे उभी होती. मैदानाकडे पाठ. डोळे मिटलेले.

"ताई, स्प्रे."

"शूऽ. वंदी चढाईला गेली."

गर्दीच्या गोंगाटातून मला काहीच वेगळं ऐकू येईना. ताई मात्र मान किंचित तिरकी करून उभी होती. "दम बरा हाय... आता खोल गेली... जड झाला, जड झाला, ये माघारी... आली." मागे ओरडा उठला. ताईने श्वास सोडला आणि पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात दिली.

चढाई करणाऱ्या मुलीने एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत राहायचं, तो दम. तो तुटला की ती बाद. आमच्यातल्या प्रत्येकीचा दम ताईला आवाजावरून ओळखू येत होता.

"पण तू पाठ करून का उभी आहेस?" मी विचारलं.

"ऊन डोळ्यात येतं गं."

मला ते पटलं नाही. टँकरची सावली चांगली लांब पडलेली होती. मी त्या दिवसापासून ठरवून टाकलं, की ताईला बघवत नाही. सामन्याचा शेवट जवळ आला की तिचा जीव घाबरा होतो, म्हणून ती स्वतःला काढून घेते. गाडीत मी हे सांगितलं तेव्हा वंदना म्हणाली, "काहीतरीच! तिला भीती?"

त्या हिवाळ्याच्या मध्यावर एका संध्याकाळी ताईने आम्हाला पोपटी लावून घातली. सरावाचं शेत ज्यांचं होतं त्यांच्याच बांधावर. मडक्यात तळाशी भामरुडाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, छोटी वांगी, अंडी, मीठ-ओवा, वरून पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. उजेड होता अजून, घाटाच्या माथ्यावर ऊन राहिलं होतं. वंदनाने ताईची नक्कल केली. आधी चपला काढल्या, मग छाती काढून चालत आली, "पाय भाईर होता तिचा!" सगळ्या लोळायच्या बाकी राहिल्या. ताई डोळे पुसत होती.

तेवढ्यात रंजनाने धीर करून विचारलं, "खरं सांग ना ताई, का करतेस?"

"काय?"

"हेच. भांडतेस ते."

ताईने मडक्यावर काठी वाजवली. "शिजलं बघा. आधी खा."

जेवताना तिने वंदनाच्या पानात एक बटाटा जास्त टाकला. पुढच्या रविवारी आमच्याच मैदानावर स्पर्धा होती आणि जिल्ह्याची निवड करणारे लोक बघायला यायचे होते. जिल्ह्यासाठी खेळली तर वंदनाला पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेतून संधी होती. तिच्या घरी त्या एका आशेवर लग्नाचं बोलणं थांबवून ठेवलं होतं. वंदना हे कधी बोलायची नाही. पण अलीकडे ती सरावाला सगळ्यांच्या आधी येऊन एकटीच रेघेवरून मागेपुढे पळत असायची.

तो रविवार. घरचं मैदान, घरची माणसं. झाडावर पोरं, भिंतीवर पोरं, टेंपोच्या टपावर माणसं. आम्ही एकेक सामना काढत अंतिम फेरीला आलो आणि आश्चर्य म्हणजे ताईला एकदाही काढलं नव्हतं. माईकवरचा म्हणाला, "आज इंदूताईंचा उपवास दिसतोय." अंतिम सामन्यात समोर पेणच्या बाजूचा संघ होता. उंच, शांत मुली. खेळ बरोबरीने चालला होता. शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो आणि चढाई वंदनाची होती.

मी मध्यरेषेच्या आमच्या बाजूला होते. वंदना आत शिरली, डावीकडच्या कोपऱ्यातल्या मुलीला तिने पायाने टिपलं आणि वळली. पण दोघींनी तिला कमरेतून धरलं. ती पडली. पडल्या पडल्या रेघेकडे सरकू लागली. दोघी तिच्या अंगावर, तिची बोटं मातीत रुतलेली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. मग एक हुंदक्यासारखा आवाज. मग पुन्हा कबड्डी. आणि तिचा हात रेघेला लागला.

पंचांनी शिट्टी मारली आणि हात आमच्या बाजूला केला. मैदान फुटलं. ढोल वाजू लागला, माणसं रेघा तुडवत आत शिरली. आम्ही जिंकलो होतो.

आणि ताई उठली.

तिला मी गर्दीतून येताना बघितलं आणि वाटलं, वंदनाला उचलायला येतेय. ती वंदनाच्या शेजारून गेली. पंचांसमोर उभी राहिली.

"दम सुटला होता तिचा."

पंचांना आधी कळलंच नाही. "काय?"

"दम सुटला होता. हात रेघेला लागायच्या आधी. आउट हाय ती."

"ताई," पंच हसत म्हणाले, "निर्णय तुमच्याच बाजूने दिलाय."

"ते समजलं मला. पण चूक हाय तो."

ढोल हळूहळू थांबला. समोरच्या संघाच्या मुली निघाल्या होत्या, त्या वळून बघू लागल्या. आमचेच लोक ओरडायला लागले, ताईला वेड लागलं का, गप बसवा तिला. पंचांचं हसू मावळलं. निर्णय देऊन झाला होता, सामना संपला होता, आणि ज्यांना तो मिळाला त्यांचीच व्यवस्थापक भर मैदानात त्यांना चुकलात म्हणत होती. त्यांनी संतापून हात लांब केला. बाहेर.

संपलेल्या सामन्यातून कोणाला बाहेर काढलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ताई गेली. निर्णय बदलला नाही. आम्हाला चषक मिळाला, फोटो निघाला. फोटोत वंदना मधोमध आहे, चषक तिच्याच हातात आहे आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी रंजना आणि मी गिरणीवर गेलो तेव्हा वंदना आधीच आलेली होती. गिरणी चालू होती, म्हणून दोघी ओरडून बोलत होत्या. भांडणाला ते बरंच असतं.

"मला माहीत होतं माझा दम सुटलेला!" वंदना म्हणत होती. "तुला सांगायचंच होतं तर मला सांगायचंस! गावासमोर कशाला?"

"तुला कुठं काय बोलले मी? मी पंचाला बोलले!"

"लोकांना ते माझ्याबद्दल ऐकू आलं! चोर म्हणाले मला टेंपोवरचे!"

भाऊंनी गिरणी बंद केली. पट्टा फिरत फिरत थांबला. शांततेत ताई एकदम लहान वाटायला लागली. तिने पदराने तोंड पुसलं आणि नेहमीपेक्षा किती तरी हळू म्हणाली, "वंदे, मला तसं नव्हतं करायचं गं."

"पण केलंस," वंदना म्हणाली आणि आमच्या दोघींच्या मधून निघून गेली.

पुढचं सगळं पटापट झालं. ज्या मंडळाच्या नावाने आम्ही खेळायचो त्यांनी बैठक घेतली. आपल्याच पोरीला बाद म्हणणारी व्यवस्थापक नको, असं ठरलं. निरोप घेऊन आलेल्या माणसाला भाऊंनी चहा दिला. आम्ही काही जणींनी दुसऱ्या व्यवस्थापकाबरोबर दोन सामने खेळून बघितले; तो भला माणूस होता, खुर्चीवरून हलायचा नाही, आणि आम्ही दोन्ही सामने हरलो. जिल्ह्याच्या निवडीत वंदनाचं नाव आलं नाही. त्या दिवशीच्या प्रकारामुळे, की तिच्याहून चांगल्या मुली होत्या म्हणून, हे कोणालाच सांगता येणार नाही. होळीपर्यंत संघ विस्कटला. मला कर्जतला औषधाच्या दुकानात नोकरी लागली, उन्हाळ्यात स्थळ आलं. मैदानाच्या जागी पुन्हा शेत झालं आणि जूनमध्ये तिथे भाताची रोपं डोलत होती. रेघा कुठे होत्या तेही सांगता आलं नसतं.

ताईने मात्र दुसऱ्याच हिवाळ्यात पलीकडच्या वाड्यांमधल्या नव्या मुली गोळा केल्या, हे मला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून कळलं. त्यांच्याकडूनच हेही कळायचं, की काल पुन्हा काढलं.

वंदना मला भेटली ती बऱ्याच वर्षांनी, कर्जत स्टेशनच्या पुलावर. पांढरा गणवेश, गळ्यात शिट्टी. एका शाळेत खेळ शिकवत होती आणि पंचाची परीक्षा देऊन रीतसर पंच झाली होती. मी बघतच राहिले.

"तू? पंच?"

"का? नको?" ती हसली. मग पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाली, "मनीषा, तो पंच माझ्यापासून हातभरावर उभा होता. त्याने ऐकलं होतं. मी मातीत तोंड घालून पडलेली, तरी मला दिसलं त्याने गर्दीकडे बघितलं आणि मग हात केला. मला आधी सगळा राग ताईचा होता. तो राग फिरायला फार वेळ गेला."

"मग तिला भेटलीस?"

"नाही. काय बोलणार? तिच्या संघाचा सामना असला की मी दुसऱ्या कोणालातरी घ्यायला सांगते. मला तिला बाहेर काढायचं नाहीये."

हे सगळं मनात घेऊन मी या रविवारी ते सामने बघायला गेले. नवरा म्हणाला, मीही येतो, तुझी ताई बघायचीय.

मैदान तसंच होतं, लाल मातीचं. माणसांच्या हातात मोबाइल आले आहेत एवढाच फरक. इंदूताई खुर्चीवर होती. केस पांढरे झालेत, इतके की पीठ कुठलं आणि केस कुठले कळत नाही. गुडघे दुखतात म्हणाली. भाऊ गेले त्याला तीन-चार वर्षं झाली. गिरणी आता भाचा बघतो. मला तिने लगेच ओळखलं, गालावरून हात फिरवला, जाडी झालीस म्हणाली. सामन्याला वेळ होता. मी तिच्या शेजारी उकिडवी बसले आणि इतक्या वर्षांचा तो प्रश्न अखेर नीट विचारला.

"ताई, तेव्हा तू एवढी का भांडायचीस?"

तिला प्रश्नच कळेना. "का म्हंजे? पंच चुकत होते."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक येळी कशाला? चुकले तेव्हा. बाकी सामनाभर मी गपच बसायची. ते तुमी कुठं बघितलं?"

मला गाडीतल्या त्या सगळ्या परतीच्या वाटा आठवल्या. दम खायला मिळावा म्हणून, आम्हाला चेतवायला म्हणून, शेवट बघवत नाही म्हणून. किती डोकं लढवलं होतं आम्ही! पंच खरोखरच चुकले असतील हे कोणीच म्हणालं नव्हतं. मोठ्या आवाजाच्या बाईच्या बोलण्यामागे दुसरंच काही असणार, हे आम्ही मुलींनीच, तिच्याच हाताखाली खेळताना, धरून चाललो होतो.

"आणि ते पाठ करून उभं राहणं?"

"सांगितलं होतं ना, ऊन." ती पुढे वाकली आणि एकदम थबकली. "ती वंदी हाय का?"

मैदानात वंदना उतरत होती. ज्या पंचाला यायचं होतं तो आजारी पडला होता, असं माईकवर सांगितलं. वंदनाने आमच्याकडे बघितलं, बघून मान खाली घातली आणि फक्कीची रेघ पायाने तपासू लागली. ताई साडीचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

सामना सुरू झाला. ताई मांडीवर हात ठेवून बसली. मी या वेळी खेळाकडे नाही, तिच्याकडे बघत होते. ती खरंच गप्प असते. ओठ हलतात, समोरचीच्या दमाबरोबर हलतात. तिच्या एका मुलीला बाद दिलं, ताई मान डोलावते. आणखी एकीला दिलं, "बरोबर हाय," पुटपुटते. पहिला अर्धा असाच गेला. आजूबाजूचे लोक कंटाळून म्हणू लागले, ताई थकल्या वाटतं.

दुसऱ्या अर्ध्यात तिच्या संघाच्या एका सडपातळ मुलीने पकड केली आणि त्या ओढाताणीत ती कडेच्या रेघेपाशी गेली. वंदनाने शिट्टी मारली. पाय बाहेर. बाद.

ताई उठली. गुडघ्यावर हात देऊन, दोन टप्प्यांत, पण उठली. एका क्षणात मैदानावरचे सगळे मोबाइल वर झाले. "आली, आली! काढा!" माईकवरच्या माणसाचा आवाज आनंदाने फाटला. ताई रेघ ओलांडून आत आली. दोघी समोरासमोर.

"ताई, तुम्ही खुर्चीवर बसा." वंदना तिला आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हणाली असेल.

"पाय आत होता तिचा," ताई म्हणाली. आवाज तोच होता. "टाच आत होती."

वंदनाने हात उचलला नाही. ती वळली आणि त्या कडेच्या रेघेपाशी जाऊन उकिडवी बसली. ओल्या मातीत टाचेचा खड्डा उमटलेला होता. फक्कीची रेघ तिथे अखंड, पांढरी. तिने बोट न लावता बराच वेळ बघितलं. गर्दी ओरडत होती, ती एकदाही गर्दीकडे बघत नव्हती. मग तिने दुसऱ्या पंचाला बोलावलं, दोघांनी वाकून बघितलं, दोघं काहीतरी बोलले.

वंदना उठली. शिट्टी वाजवली, हात दुसऱ्या बाजूला केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "निर्णय माझा चुकला. मुलगी आत होती. खेळात परत."

सडपातळ मुलगी उडी मारून आत आली. गर्दीला काय करावं कळेना. मोबाइल तसेच वर राहिले. आणि ताई सवयीने बाहेरच्या वाटेला लागली होती. दोनचार पावलं गेलीही होती.

"ताई," वंदनाने हाक मारली. "बाहेर नाही. तिकडे. खुर्चीवर."

ताई थांबली. मैदानाच्या कडेला, बाहेरची वाट आणि खुर्ची यांच्या मध्ये, एखाद्या अनोळखी घरात आल्यासारखी उभी राहिली. वंदनाकडे बघितलं. वंदनाचे डोळे भरले होते, पण शिट्टी तिने दातांत घट्ट धरली होती. मग ताई हळूहळू येऊन खुर्चीवर बसली.

खेळ पुन्हा सुरू झाला. गुण अगदी बरोबरीत होते. ताईने खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटायला गेली, पुन्हा उघडले. मग माझ्याकडे वाकून, मी आजवर कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात तिने विचारलं,

"अजून लई येळ हाय का गं?"

"आहे की ताई. बराच आहे."

"आगं बाई," ताई म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला.